चाकोरीबाहेरचं नेढं

गेल्या दिवाळीत डेन्व्हरजवळ एका मित्राच्या घरी फराळाला आम्ही पंधरा-वीस मराठी माणसं जमलो होतो. चकल्या संपायच्या आत भांडण लागलं, आणि तेही मोआबच्या कच्च्या रस्त्यांवरून. 2023 च्या सप्टेंबरात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याने युटा राज्यातल्या मोआब गावाजवळच्या लॅबिरिंथ रिम्स आणि जेमिनी ब्रिजेस भागातले 317 मैलांचे रस्ते मोटारींना बंद केले. युटा सरकार आणि जीपवाल्यांच्या संघटना त्यावर तुटून पडल्या. आमच्यातला एक जण दर वर्षी ईस्टरला स्वतःची जीप घेऊन मोआबला जातो. 1967 पासून तिथे जीपवाल्यांची जत्रा भरते. तो म्हणाला, "जमीन सगळ्या जनतेची आहे. माझे वडील पंचाहत्तरीचे, त्यांनी काय करायचं? निसर्ग काय फक्त तुम्हा धडधाकट लोकांना आंदण दिलाय?" समोरचा पुण्याचा, तरुणपणी सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पायी पालथे घातलेला. तो म्हणाला, "दर्शन हवं तर पाय झिजवा. नसेल जमत तर घरी बसून फोटो बघा." मी मनाने दुसऱ्याच्या बाजूचा होतो. पण त्याचं हे वाक्य ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

कारण हा वाद असाच मांडला जातो आणि दोन्हीकडून चुकीचा मांडला जातो. एक बाजू हक्काची भाषा बोलते, दुसरी पुण्याईची. ज्या जागेबद्दल बोलणं चाललंय ती जागा दोघांच्याही वाक्यात नसते. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाळवंटातल्या काही जागा चाकांना कायमच्या बंद असाव्यात आणि तिथे पायीच जावं लागावं. पण चालणारा माणूस गाडीतल्या माणसापेक्षा थोर असतो म्हणून नव्हे. तिथली माती आणि तिथलं पाणी चाक सोसू शकत नाही म्हणून. आणि हे कारण खरं मानायचं असेल तर ते बुटांनाही लागू होतं. आमच्यासारखे ट्रेकर नेमके इथेच काढता पाय घेतात.

मोआबच्या नैऋत्येला कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या नीडल्स नावाच्या भागात लाल-पांढऱ्या वालुकाश्माचे सुळके सुयांसारखे उभे आहेत, म्हणून ते नाव. त्या सुळक्यांच्या पूर्वेला सॉल्ट क्रीक हा ओढा उत्तरेकडे कोलोरॅडो नदीकडे वाहतो आणि त्याच्या एका आडफाट्यात एंजल आर्च आहे. इंग्रजीत आर्च म्हणजे कमान. पण आपल्याकडे कड्याला आरपार पडलेल्या भोकाला याहून नेमका शब्द आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडाच्या माथ्यावर जे आहे ते नेढं. सुईचं असतं तेच नेढं. सुयांच्या प्रदेशातलं हे नेढं शंभराहून अधिक फूट उंच आहे आणि त्याला पाठ करून, पंख मिटून, मान खाली घातलेल्या देवदूतासारखा एक खडक त्याच्या कडेला टेकलेला आहे. नाव त्या खडकामुळे पडलं.

1998 पर्यंत तिथे जीप जायची. रस्ता म्हणजे काय, तर ओढाच. गाडी पात्रात उतरायची, थोडी पाण्यातून चालायची, काठावर चढायची, पुन्हा पात्रात. पीकाबू नावाच्या जागेपासून वर आठेक मैल हाच प्रकार. आता या ओढ्याचं महत्त्व लक्षात घ्या. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन मोठ्या नद्या सोडल्या तर सव्वातीन लाख एकरांहून मोठ्या या उद्यानात इतकं लांबवर टिकणारं वाहतं पाणी दुसरीकडे कुठेही नाही. पाऊस वर्षाला नऊ-दहा इंच; लोणावळ्यात आषाढात तेवढा कधी कधी एका दिवसात कोसळतो. अशा मुलखात वाहत्या पाण्याच्या दोन्ही काठांना कॉटनवुडची झाडं, विलो, लव्हाळी, बेडूक, पक्षी, अस्वलं, सगळं दाटीवाटीने एका पट्ट्यात राहतं, कारण बाहेर जगणं अवघड आहे. माणसांचंही तेच. उद्यानातले प्राचीन अवशेष सगळ्यात दाट याच खोऱ्यात सापडतात: कड्याच्या खोबणीत बांधलेली धान्याची कोठारं, हाताचे ठसे, आणि लाल-पांढऱ्या-निळ्या ढालीच्या आकाराचं ते चित्र, ज्याला पुढे 'ऑल अमेरिकन मॅन' असं काहीसं बाष्कळ नाव मिळालं. अमेरिकेचा झेंडा जन्माला यायच्या कितीतरी शतकं आधीचं आहे ते. तर वाळवंटातली पाण्याची एकुलती एक गल्ली, आणि तिच्या मधोमध मोटाररस्ता. असा हा प्रश्न होता.

पुढची कोर्टकचेरी आपल्या एखाद्या बांधाच्या दाव्याला शोभेल इतकी लांबली. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने 1995 मध्ये मधला मार्ग काढला होता: रोज मोजक्याच गाड्या, त्याही परवाना घेऊन. एक पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेली आणि 1998 मध्ये जिल्हा न्यायालयाने पीकाबूच्या पुढे गाड्या थांबवल्या. 2000 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून फेरविचाराला पाठवला. अभ्यास होऊन 2004 मध्ये पार्क सर्व्हिसने स्वतःच नियम करून बंदी कायम केली. मग सॅन वान काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आणि युटा राज्य सरकार उलटून कोर्टात गेले. त्यांचा आधार होता 1866 चा, खाणमजुरांच्या आणि घोडागाड्यांच्या काळातला एक ओळीचा कायदा: राखीव नसलेल्या सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ता काढण्याचा हक्क. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो 1976 मध्ये रद्द केला, पण आधी मिळालेले हक्क शाबूत ठेवले. म्हणजे सवाल असा झाला की 1964 मध्ये उद्यान होण्याआधी त्या ओढ्यातून लोक सलग दहा वर्षं सार्वजनिक रस्त्यासारखे येत-जात होते का? गुराखी आपली गुरं घेऊन जात होते, पन्नाशीच्या दशकात युरेनियम शोधणारे जीप घेऊन जात होते, हौशी पर्यटकही होते. पण सलग दहा वर्षांची सार्वजनिक वहिवाट सिद्ध झाली नाही. 2011 मध्ये जिल्हा न्यायालयात आणि 2014 मध्ये इथे डेन्व्हरला अपिलात, दोन्हीकडे काउंटी आणि राज्य हरले.

आमच्या बाजूचे लोक हा निकाल सांगताना कॉलर ताठ करतात. त्यात ताठ करण्यासारखं काही नाही. निकाल वहिवाटीच्या पुराव्यावर लागला. ओढ्याला रस्ता म्हणावं का, यावर नाही. आणखी पाच-सहा गुराख्यांनी वेळेवर जबान्या दिल्या असत्या तर कदाचित उलटाही लागला असता. युटा सरकारने त्याच जुन्या कायद्याखाली असे बारा हजारांहून जास्त रस्ते आपले म्हणून दावे लावून ठेवले आहेत. त्यातले काही खरोखरच गावांना जोडणारे रस्ते आहेत, आणि काही नुसती एकेकाळी कुणाची तरी गाडी गेली होती अशी चाकोरी. चाकोरी आणि रस्ता यांत फरक करणारी बुद्धी कायद्यात आपोआप येत नाही. ती आधी वादात यावी लागते. म्हणून हा लेख.

आता जीपवाल्या मित्राची बाजू घेतो, कारण फराळाच्या दिवशी ती कुणी नीट घेतली नाही, त्यानेही नाही. त्याचा सगळ्यात मोठा मुद्दा त्याला माहीतच नव्हता. कॅन्यनलँड्स हे उद्यान जीपमुळे झालं! बेट्स विल्सन हा शेजारच्या आर्चेस राष्ट्रीय स्मारकाचा अधीक्षक. पन्नाशीच्या दशकापासून तो या मुलखात जीप घालून फिरला आणि वॉशिंग्टनहून येणाऱ्या साहेबांना त्याने याच ओढ्यांतून, खडकांवरून नेलं, रात्री शेकोटीवरच्या लोखंडी भांड्यातलं जेवण खाऊ घातलं. 1961 मध्ये गृह खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल त्याच्याबरोबर आले. तेव्हा धरण खातं याच प्रदेशात, कोलोरॅडो आणि ग्रीनच्या संगमाजवळ धरणाचा विचार करत होतं. (अमेरिकेतलं गृह खातं पोलिसांचं नसतं, जमिनी, उद्यानं आणि धरणं सांभाळतं. धरण आणि उद्यान दोन्ही एकाच मंत्र्याच्या टेबलावर, ही गंमतच.) उडालांनी धरणाऐवजी उद्यानाची बाजू घेतली आणि 12 सप्टेंबर 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. त्या साहेबांना कुणी "पाय झिजवा" म्हटलं असतं तर किती जण आले असते? जागा वाचवायला माणसं लागतात, आणि माणसांना जागा दिसावी लागते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तरी त्यातून जीपवाले जो निष्कर्ष काढतात तो निघत नाही. बाळंतपणाला सुईण लागते म्हणून ती पोराच्या लग्नापर्यंत घरात राहत नाही. विल्सनच्या काळी त्या ओढ्यातून वर्षाला मोजक्या गाड्या जात. जीप हा प्रकारच नवा होता, दुसऱ्या महायुद्धातून सुटलेला. आज कॅन्यनलँड्सला वर्षाला आठ लाखांच्या आसपास माणसं येतात. एकाने केलं तर ते धाडस असतं. तेच लाखांनी केलं की ती वाहतूक होते. शिवाय जागा दिसावी हा हेतू असेल तर ती आता दिसते. या मुलखात गाडीला वाटच उरली नाही असं चित्र उभं केलं जातं, ते साफ खोटं आहे. मेसाच्या (सपाट माथ्याच्या डोंगराच्या) कडेने जाणारा व्हाइट रिम रोड शंभर मैलांचा आहे. तोही युरेनियमसाठी अणुऊर्जा आयोगाने पन्नाशीच्या दशकात काढलेला. आज तो परवाना घेऊन खुला आहे. नीडल्समधला एलिफंट हिलचा चढ जीपवाल्यांत तीर्थक्षेत्रासारखा मानतात, तोही खुला. आणि ज्या 317 मैलांवरून एवढं रामायण झालं, ते त्या भागातल्या सुमारे 1,100 मैलांपैकी. आठशेच्या आसपास मैल अजून चाकांसाठीच आहेत. ताटातली एक पोळी काढून घेतली तर उपाशी ठेवलं म्हणायचं का?

दुसरा मुद्दा म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा. इथे मी जपून लिहिणार आहे, कारण इथे आमची बाजू सर्वांत जास्त निर्दय होते आणि त्यांची बाजू सर्वांत जास्त दांभिक. आधी निर्दयपणा. "जमत नसेल तर फोटो बघा" हे वाक्य जो म्हणतो त्याचे गुडघे अजून शाबूत आहेत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. एंजल आर्चला जीप बंद झाल्यावर काही माणसांना ती जागा कायमची गेली. जवळच्या तळावरून पीकाबूमार्गे जाऊन-येऊन ते पंचवीस मैलांहून जास्त आहे, शिड्या आणि वाळू तुडवत. ज्या आजोबांनी 1970 साली नातवाला जीपमधून तिथे नेलं असेल, तो नातू आज साठीला येतोय. त्याला स्वतःच्या नातवाला तसं नेता येणार नाही. हा तोटा खरा आहे. त्याला "वेगळा अनुभव" वगैरे गोड नाव देऊन तो लपवू नये.

आता दांभिकपणा. जीप म्हणजे समता, हे कुणी ठरवलं? ओढ्याच्या पात्रातून, कंबरभर पाण्याच्या डोहातून, रुतत्या वाळूतून जाणारी गाडी ही कुणाच्याही दारात उभी असलेली कोरोला नव्हे. उंच, चारही चाकांना जोर असलेली, वरून हजारो डॉलरचे टायर आणि रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच लावलेली गाडी लागते, नाहीतर ती दिवसाच्या भाड्याने घ्यावी लागते. चालायला बूट आणि पाण्याच्या बाटल्या लागतात. पैशाच्या हिशोबाने जीपबंदीत गरीब बाहेर पडले असं म्हणणं म्हणजे क्लबचं कुंपण काढल्याने लोकशाही बुडाली म्हणण्यासारखं आहे. आणि अपंगांबद्दल कायदा या वादापेक्षा शहाणा आहे. 1964 च्या वन्यप्रदेश कायद्याने अशा राखीव भागांत यंत्रावर चालणारी वाहनं बंद केली. 1990 च्या अपंग हक्क कायद्याने स्पष्ट करून टाकलं की ज्याला चाकाची खुर्ची लागते त्याला ती तिथेही नेता येते. म्हणजे खुर्ची हा पायाचा भाग मानला, जीप नाही मानली. मला हा फरक फार नेमका वाटतो. अपंग माणसाच्या नावाने ज्या रस्त्यांसाठी लढलं जातं, त्या रस्त्यांवर उद्या शंभरातल्या किती गाड्यांत अपंग माणूस बसलेला असेल? त्याच्यासाठी खरंच काही करायचं असेल तर डांबरी रस्त्यालगतच्या जागा, सपाट वाटा, बसायला बाकं, सावली यांच्यासाठी भांडा. मी येतो तुमच्याबरोबर.

याच प्रश्नावर मी सह्याद्रीत उलट बाजूला उभा असतो, हेही सांगून टाकतो. रायगडाचा रोपवे 1996 मध्ये झाला तेव्हा आमच्या ट्रेकर कंपूत सुतक होतं. मीही नाक मुरडलं होतं. मग आजीला घेऊन गेलो. पाळण्यातून उतरून ती हळूहळू चालत महाराजांच्या समाधीपाशी गेली आणि तिथे डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली. रायगड ही राजधानी आहे, स्मृतिस्थळ आहे. माणसांनी माणसांसाठी बांधलेली जागा. तिथे म्हाताऱ्या माणसाचं पोहोचणं हा त्या जागेच्या असण्याचाच भाग आहे. शिवाय पाळणा हवेतून जातो, डोंगर कापत नाही. पण म्हणून सिंहगडाचं काय झालं ते विसरायचं का? वरपर्यंत डांबर गेलं आणि रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, तासन् तास. तिथे जाणारे निम्मे लोक कल्याण दरवाजाही पाहत नाहीत. पिठलं-भाकरी खाऊन उतरतात. रायगडला रोपवे म्हणून राजगडाच्या सुवेळा माचीवर रस्ता, असा हिशोब कुणी मांडला तर आपण त्याला वेड्यात काढू. म्हणजे तत्त्व एकच असलं तरी उत्तर जागेला विचारूनच द्यावं लागतं. हे न करता "सगळ्यांना सगळीकडे" किंवा "फक्त पायी" अशी घोषणा देणं सोपं असतं, म्हणून दिली जाते.

तिसरा आक्षेप आमच्याच तोंडावर मारण्याजोगा आहे आणि जीपवाले तो बरोबर मारतात. मी डेन्व्हरहून नीडल्सला जातो ते सहाशे किलोमीटरहून जास्त गाडी चालवून. आणि मग तिथे तीन दिवस पायी चालून वाळवंटाचा रक्षक म्हणवून घेतो! धुराचा हिशोब केला तर मी आणि माझा जीपवाला मित्र सारखेच गुन्हेगार. कबूल. पण ही बंदी धुरासाठी नाहीच. ज्या डांबरावरून मी गेलो ते तिथे आधीच होतं; माझ्या जाण्याने त्याला नवी जखम झाली नाही. चाक जिथे कठीण जमीन सोडतं तिथून नुकसान सुरू होतं, आणि वाळवंटात ते नुकसान कसं असतं हे आपल्यासारख्या पावसाळी मुलखातल्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे बैलगाडीची चाकोरी एका पावसाळ्यात गवताने भरते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटनने 1942 मध्ये रणगाड्यांचा सराव घेतला. त्या साखळीपट्ट्यांचे माग आजही दिसतात. ऐंशी वर्षं होऊन गेली. महायुद्ध संपलं, त्या रणगाड्यांचं भंगार झालं, चाकोरी तिथेच आहे.

याचं कारण मातीत आहे. कोलोरॅडो पठारावर सुळक्यांच्या मधल्या सपाटीवर काळपट, खडबडीत, जळकट पापुद्र्यासारखी माती दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती घाण वाटते. ती जिवंत असते. त्यात सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवांचे धागे वाळूचे कण एकमेकांना शिवून धरतात, वर शेवाळं आणि दगडफूल वाढतं. ती पाऊस धरते, हवेतला नत्र मातीत आणते, वाऱ्याने वाळू उडू देत नाही. तिच्यावर चाक गेलं की शिवण उसवते. धागे काही वर्षांत पुन्हा येतात. पण दगडफुलासकट ती पहिल्यासारखी व्हायला कित्येक दशकं, कधी शतकं लागतात. आणि आता आमची पंचाईत: हे चाकाबद्दल जितकं खरं आहे तितकंच बुटाबद्दल. बुटाचा ठसा लहान असतो, नुकसान त्याच जातीचं. वाट सोडून, नकाशावर रेघ मारून, "आपल्याला गर्दी नको" म्हणत सरळ सपाटी तुडवत जाणारा ट्रेकर जीपवाल्याला नावं ठेवतो तेव्हा मला हसू येतं. या मुलखात पायी चालायचं असेल तर तीनच जागा आहेत: उघडा खडक, ओढ्याचं कोरडं पात्र, आणि आधीच तुडवलेली पायवाट. हे पाळून चालणं म्हणजे शेवटी नागमोडी, उलटसुलट, दुप्पट अंतराचं चालणं. जे तसं चालायला तयार नाहीत त्यांनी पायी चालण्याचं निशाण खांद्यावर घेऊ नये. म्हणूनच मी म्हणतो की पायी येणाऱ्यांचीही संख्या बांधलेली असावी, परवाना असावा, आणि तो न मिळाल्यास निमूटपणे परत जावं. सॉल्ट क्रीकमध्ये मुक्कामाला आज परवाना लागतोच, आणि अस्वलांमुळे अन्न कठीण डब्यात बंद करून न्यावं लागतं. माझ्या ओळखीचे काही ट्रेकर या नियमांवर जितके चिडतात तितकेच जीपवाले त्यांच्या फाटकावर चिडतात. चिडण्याची चव एकच असते.

कुणी म्हणेल, मग पुण्याच्या त्या मित्राचं काय चुकलं? चालल्याने माणसाला काही वेगळं मिळत नाही का? मिळतं. पण ते त्याचं खासगी उत्पन्न आहे. त्यावर सार्वजनिक कायदा उभा करता येत नाही. वारीला पायी जाणारे लाखो आहेत आणि आषाढीला एसटीने पंढरपूरला उतरणारेही लाखो. चंद्रभागेत उभं राहिल्यावर कोण कसा आला हे विठोबा विचारत नाही, आणि चांगला वारकरीही विचारत नाही. पायी येणाऱ्याने एसटीवाल्याला हिणवलं की त्याची वारी तिथेच बाटली. ट्रेकरांचा अहंकार हा या वादातला सर्वांत निरुपयोगी भाग आहे, आणि जीपवाल्यांना सर्वांत उपयोगी.

पुण्याईचा मुद्दा सोडला तरी अंतराचा मुद्दा उरतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी सॉल्ट क्रीकच्या दक्षिणेला, युटा-अॅरिझोना सीमेजवळच्या रेनबो ब्रिजची गोष्ट पाहावी. हा 290 फूट उंचीचा नैसर्गिक दगडी पूल नवाहो, पायूट आणि आसपासच्या मूळ अमेरिकन जमातींना पवित्र आहे. गोऱ्यांची पहिली गाजलेली मोहीम 14 ऑगस्ट 1909 ला तिथे पोहोचली, तीही पायूट वाटाड्यांच्या जिवावर. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक केलं. 1913 मध्ये थिओडोर रूझवेल्ट घोड्यावरून गेले. नवाहो माउंटनला वळसा घालून चौदा आणि सतराएक मैलांच्या दोन खडतर वाटा होत्या. नदीतून येणाराही शेवटचे काही मैल चालतच यायचा. मग 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले, त्यामागचा लेक पॉवेल हा जलाशय भरत गेला आणि पाणी थेट पुलाखाली आलं. मोटरबोटी आल्या. जिथे वर्षाला मोजकी माणसं येत तिथे आकडा लाखांच्या घरात गेला. नवाहोंनी 1974 मध्ये दावा लावला: आमच्या देवस्थानात दारू, गोंगाट, गर्दी, पूजा कशी करायची? 1980 मध्ये अपिलातही ते हरले. अखेर 1995 पासून पार्क सर्व्हिसने नुसती विनंती सुरू केली की पुलाखालून जाऊ नका. हुकूम नाही, विनंती.

इथे कुणी बोटवाला दुष्ट नव्हता. प्रत्येक जण एक सुंदर दगड बघायला आला होता, वाटेत कुणाचं काही न मोडता, स्वतःच्या समजुतीप्रमाणे. बदललं होतं ते फक्त अंतर. चौदा मैल कुणी पाटी न लावता, पहारेकरी न ठेवता जे काम करत होते, ते धरणानंतर पाट्यांनी, विनंत्यांनी आणि कोर्टांनी करायचा प्रयत्न झाला आणि जमला नाही. लांबपणा ही त्या जागेची उणीव आहे असं आपण धरून चालतो. ती तिची भिंत होती. भोवतालच्या सगळ्यांचं भलं करायला म्हणून पाडलेली भिंत पुन्हा बांधता येत नाही, कारण मग ती कुणाचा तरी हक्क हिरावून बांधावी लागते. सॉल्ट क्रीकमध्ये नेमकं तेच करावं लागलं, सोळाहून जास्त वर्षं कोर्टात.

धोक्याचा आक्षेप उरला. 2024 च्या जुलैत याच उद्यानाच्या आयलंड इन द स्काय भागात शंभर अंश फॅरनहाइटवरच्या उन्हात वाट चुकलेले बाप आणि त्याची मुलगी पाणी संपून मेले. वाळवंटात माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा नियम कागदावर सोपा दिसतो आणि खांद्यावर चार किलो होतो. पायीच जा म्हणणाऱ्याने हे वजनही सांगावं. उन्हाळ्यात जाऊ नका, हे त्याहून आधी सांगावं. मात्र गाडी म्हणजे सुरक्षितता, हेही खरं नाही. ओढ्याच्या वाळूत रुतलेली गाडी, वर कुठेतरी झालेला पाऊस आणि अचानक आलेला लोंढा, हे तिथल्या लोकांना नवीन नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी एका मित्राबरोबर कॅथीड्रल ब्यूटच्या बाजूने सॉल्ट क्रीकमध्ये उतरलो आणि तीन दिवसांनी पीकाबूच्या शिड्या चढून बाहेर आलो. जुना जीपरस्ता कुठे आहे हे मला पाहायचं होतं, कारण त्यावर एवढं वाचलं होतं. बऱ्याच ठिकाणी तो सापडलाच नाही. डोक्याच्या वर गेलेली लव्हाळी आणि विलो हातांनी बाजूला करत, कुठे घोटाभर पाण्यातून, आम्ही चालत होतो. मित्र शिव्या देत होता. काठाच्या वर, कोरड्या सपाटीवर मात्र दोन समांतर ओळी स्वच्छ दिसल्या, मधे काळ्या मातीचा पट्टा, बाजूला नुसती वाळू. म्हणजे जीपवाल्यांचं "बघा, वीस वर्षांत भरून आलं, उगाच बाऊ केला" हे म्हणणंही अर्धं खरं आहे: जिथे पाणी आहे तिथे भरून आलं. जिथे नाही तिथे नाही. माझ्या मते एवढा एक फरक जरी दोन्ही बाजूंनी मान्य केला तरी बाराएक हजार दाव्यांतले निम्मे तरी कोर्टात न जाता सुटतील. ओढ्याचे काठ आणि अवशेषांच्या जागा चाकांना बंद. डांबर, खडक आणि गावांना जोडणारे जुने रस्ते खुले. आणि मधल्या सपाटीवर आज जी चाकोरी आहे तिच्यापुढे एक इंचही नवीन नाही.

दिवाळीनंतर एप्रिलमध्ये त्या जीपवाल्या मित्राचे वडील साताऱ्याहून आले होते. आम्ही सगळे मिळून त्यांना नीडल्सला घेऊन गेलो, डांबरी रस्त्याने. रोडसाइड रुइनच्या लहानशा वाटेवर ते काठी टेकत हिंडले, कोठाराच्या दगडी भिंतीतला गारा पाहून "शेणाचा हात दिलाय की काय" म्हणाले. पुढे रस्त्याच्या कडेच्या जागेवरून वुडन शू आर्च दुर्बिणीतून पाहिली. "हे तर नेढं," ते म्हणाले. मी मोबाइलवर एंजल आर्चचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला, आणि देताना पुण्याच्या मित्राचं ते वाक्य आठवून मला कसंसंच झालं. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, त्या वाकलेल्या खडकावर थांबले, मग खालच्या हिरव्या पट्ट्यावर आले.

"पाणी आहे इथे?"

"आहे."

"किती?"

"आम्ही गेलो तेव्हा घोट्यापर्यंत होतं," मी म्हणालो.